मनोऱ्यापासून चार मिनिटं

मनोऱ्याच्या चौकात त्याला सगळे बॅगवाला म्हणत. हातात तपकिरी बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर गाडी चुकणाऱ्या माणसाची घाई. आणि गेल्या अठरा वर्षांत हा गृहस्थ कुठेही गेलेला नव्हता. मनोऱ्याच्या खालच्या पायरीवरून निघायचं, एखाद्या हॉटेलच्या काउंटरपर्यंत चालत जायचं, मनगटावरचं घड्याळ बघून वहीत आकडा लिहायचा आणि आल्या पावली परत फिरायचं. "निघाली स्वारी!" कोपऱ्यावरचा चष्मेवाला रोज म्हणायचा. "पोचल्यावर पत्र टाका हो!"

काम थट्टेचं वाटलं तरी साधं नव्हतं. मनोरा तीनशे वर्षांचा, दगडी, चारी बाजूंना घड्याळं असलेला. तो बघायला लांबून लांबून माणसं येत आणि आल्यावर पहिला प्रश्न विचारत, की राहायचं कुठे? बॅगवाल्याचं ऑफिस त्या चौकातच, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथून दर तीन महिन्यांनी 'मनोऱ्याजवळची हॉटेलं' नावाची पुस्तिका निघायची आणि स्टेशनात, बसथांब्यावर, मनोऱ्यामागच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फुकट वाटली जायची. ऑफिसचे मालक एका बाबतीत मात्र कडक होते. हॉटेलवाला सांगेल ते अंतर छापायचं नाही, स्वतः चालून बघायचं. तेही हातात आठ किलोचं ओझं घेऊन, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, वाटेतले सिग्नल धरून. दमलेल्या माणसाला मीटर कळत नाहीत, मिनिटं कळतात, असं ते म्हणत. म्हणून ती बॅग. आत जुन्या पुस्तिकाच भरलेल्या असत.

हॉटेलवाले त्याला लोणी लावत. सहाचे पाच करा, नऊचे आठ करा. तो हसायचा आणि सहाचे सहाच लिहायचा. त्याची मिनिटं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं चौकात बोललं जायचं आणि ते ऐकून त्याची मान ताठ व्हायची. त्या ताठ मानेने त्याने आयुष्यात एकच खोटी नोंद लिहिली होती. ती यादीतली सतरावी.

चौकाच्या पलीकडच्या बाजूला, बरोब्बर समोर, आणखी एक ऑफिस होतं. तेही हॉटेलांची पुस्तिका काढायचं. पण ती मंडळी चालत नसत, उतरवून घेत. त्यांना सगळे 'समोरचे' म्हणत. आपण घाम गाळायचा आणि समोरच्यांनी पंख्याखाली बसून नक्कल मारायची, हे मालकांच्या पोटात दुखायचं. या धंद्यात त्यावर एक जुना उपाय आहे. यादीत एक नसलेलं हॉटेल घालून ठेवायचं. ज्याच्या यादीत ते उमटेल तो चोर. मालकांनी दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सांगितलं, "घाल एक बेमालूम," आणि बॅगवाल्याने चहा गार व्हायच्या आत घातलं.

नाव त्याने इतकं साधं ठेवलं होतं की पान उलटेपर्यंत विसरावं. खोलीचं वर्णन मात्र करावं लागलं, आणि कल्पनेची त्याला सवय नव्हती. मग डोळ्यांपुढे जी खोली आली तीच त्याने लिहून टाकली. ती त्याची आणि ताईची खोली होती. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधराची. ताईने शाळा सोडली, शिवणयंत्रापुढे बसली, त्याला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि स्वतःचं करायचं राहूनच गेलं.

नोंद अशी होती: 'खोल्या अकरा. मनोऱ्यापासून चालत चार मिनिटं, डाव्या हाताला. जिना अरुंद. प्रत्येक खोलीत लोखंडी पलंग, तीन गजांची खिडकी, हिरवा पडदा, टेलिफोन. खिडकीतून मनोरा दिसतो. सकाळचा नाश्ता खोलीत मिळतो. काउंटरवरचा माणूस अदबशीर.'

खाली टेलिफोन नंबर हवा, म्हणून ऑफिसातल्याच दुसऱ्या लाइनचा नंबर दिला. आणि मग मजा सुरू झाली. खोटं कशाला बोला, त्या दिवसांत ऑफिसात फार हसणं झालं. फोन वाजला की बॅगवाला नाकात बोलायचा, शब्दागणिक वाकल्यासारखा. "क्षमा असावी, सगळ्या खोल्या भरल्यात. पुढच्या महिन्यात बघा ना." आणि लहर लागलीच तर, "या की! एक खोली आहे शिल्लक. मनोऱ्याला वळसा घाला, डाव्या हाताला." मग तो आणि मालक चहाचे कप घेऊन खिडकीत उभे राहायचे. एकदा एक म्हातारं जोडपं चाकं नसलेली पेटी दोन बाजूंनी धरून चौकात चार फेऱ्या मारून गेलं. शेवटी म्हातारा पायरीवर बसला आणि म्हातारी त्याला त्याच पुस्तिकेने वारा घालायला लागली. मालकांच्या नाकातून चहा आला.

पुस्तिकेची पानं जुळवणाऱ्या बाई कोपऱ्यात बसायच्या. त्या म्हणाल्या, "पाप लागेल हो अशानं."

"बाई, धंद्यात पाप नसतं," बॅगवाला म्हणाला. "प्रुफाच्या चुका असतात."

वर्षभराने गंमत शिळी झाली. मालकांनी ती दुसरी लाइन तोडून घेतली आणि यंत्र कपाटावर पडून राहिलं. नोंद मात्र तशीच छापली जात राहिली. समोरचे अजून गळाला लागले नव्हते.

नोंद छापायला लागल्यापासून महिन्याला दोन-तीन तक्रारीची पत्रं यायची, हॉटेल सापडलं नाही म्हणून. लाइन तोडल्यावर ती हळूहळू थांबली. माणसं शहाणी झाली असतील, असं बॅगवाल्याला वाटलं. मग एक आभाराचं पत्र आलं. खोली सात, शांत जागा, पलंग थोडा कुरकुरतो, नाश्ता वेळेवर. मालक म्हणाले, समोरच्यांचा खोडसाळपणा. पुढच्या महिन्यात दुसरं पत्र आलं, अक्षर वेगळं, शाई वेगळी. त्यात लिहिलं होतं की डाव्या बाजूचा पाय आखूड असल्यामुळे पलंग कुरकुरतो. बॅगवाल्याने ते दोनदा वाचलं. आखूड पायाचं त्याने नोंदीत लिहिलेलं नव्हतं. तो पाय डावाच होता आणि ताई त्याखाली घडी केलेलं पुठ्ठ्याचं पान सरकवायची. लोखंडी पलंग काय, सगळेच कुरकुरतात, असं म्हणून त्याने पत्र फाइलला लावलं.

त्यानंतर एक माणूस स्वतः ऑफिसात आला. त्याचा मोठा भाऊ मनोरा बघायला म्हणून आला होता, त्या सतराव्या हॉटेलातून त्याने एक पत्र टाकलं, आणि मग कळवणं बंद. "तीन महिने झाले. कुठंशी आहे हे हॉटेल?" खरं सांगितलं तर सापळा फुटणार. मालकांनी बॅगवाल्याकडे पाहिलं, आणि बॅगवाल्याने हात करून दाखवलं, "मनोऱ्याला वळसा घाला, डाव्या हाताला." माणूस आभार मानून जिना उतरला. तो सापडलं नाही म्हणून परत भांडायला येईल, असं दोघांना वाटलं होतं. तो आला नाही.

हे झालं आणि पावसाळ्यानंतर ताईचं पत्र आलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, दोन्ही. मनोऱ्यामागच्या दवाखान्यात ऑपरेशनचा दिवस ठरला होता, बुधवारी सकाळी. 'तुझ्याकडे चार दिवस राहीन म्हणते. माझं काही करावं लागणार नाही, डोळ्यांत थेंब तेवढे घालशील.'

बायको लगेच म्हणाली, "घेऊन या त्यांना. मी हॉलमध्ये गादी घालते." पण बॅगवाल्यालाच नको होतं. ताई आली की बोलत बसणार, त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगणार, तो अंथरूण ओलं करायचा तेसुद्धा सांगणार. नवीन घर, नवीन सोफा, आणि त्यावर ताई पाय वर घेऊन बसलेली. त्याला विचारानेच अवघडल्यासारखं झालं. त्याने बायकोला सांगितलं की ताई दवाखान्यातच राहणार आहे, आणि ताईला कळवलं, 'घरी रंगकाम काढलंय. वासाने तुझ्या डोळ्यांना त्रास होईल. सोबत पुस्तिका पाठवतोय, दवाखान्याजवळचं कुठलंही निवड. सगळं मी स्वतः चालून पाहिलंय.'

पुस्तिका पाकिटात घालताना त्याला सतरावी नोंद आठवली नाही. अठरा वर्षं रोज हाताळलेली वस्तू कोण वाचतो?

सोमवारी सकाळी अकराला ऑफिसातला फोन वाजला.

"पोचले रे बाळ्या." ताईचा आवाज खुशीत होता. "चार मिनिटं म्हणजे चारच. मी मोजली."

"कुठे उतरलीस?"

"अरे ते सतरा नंबरचं. मला कुठे दिसतंय, शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं. हिरवा पडदा, तीन गजांची खिडकी. म्हटलं, ही तर आपलीच खोली! आणि खरंच रे, अगदी तशीच. अकरा नंबर मिळालाय. वरच्या मजल्यावर शेवटची."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ताई, तू चुकून दुसरीकडे गेलीयस. तिथल्या माणसाला फोन दे."

"तो खाली आहे काउंटरवर, मी खोलीतून बोलतेय. किती अदबीनं बोलतो! आणि आवाज, हसशील तू, अगदी तू लहानपणी नाक दाबून बोलायचास ना, तस्सा."

फोन ठेवल्यावर तो उठला. मग बॅग उचलून खाली उतरला. बॅगेची गरज नव्हती, हाताला सवय होती. मनोऱ्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला, घड्याळ पाहिलं आणि डाव्या हाताला म्हाताऱ्या माणसाच्या चालीने निघाला. चार मिनिटं संपली तेव्हा तो चष्म्याच्या दुकानाशी होता. चष्म्याचं दुकान, त्यापलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची टपरी, आणि दोघांच्या मध्ये जुन्या गोदामाची उंच आंधळी भिंत. तिला ना दार, ना खिडकी. वर गवत उगवलेलं.

"पोचलात?" चष्मेवाल्याने सवयीने विचारलं.

"इथे कुठे हॉटेल आहे?"

"ते तुम्ही मला विचारताय?" चष्मेवाला हसला, आणि मग हसायचं थांबला. "येतात खरी माणसं. बॅगा घेऊन, तुमची पुस्तिका हातात धरून, इथवर येताना दिसतात."

"आणि जाताना?"

"मला गिऱ्हाईक असतं हो," तो काच पुसायला लागला. "मी काय बघत बसतो का?"

बॅगवाल्याने त्या दुपारी जवळपासची सगळी हॉटेलं पालथी घातली. काउंटरमागे जाऊन रजिस्टरं उघडली, जिने चढला, दारं ठोकली. आयुष्यभर इतरांना हॉटेल शोधून देणारा माणूस, आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा! पोलीसचौकीतही गेला. हवालदाराने हॉटेलचा पत्ता विचारला. याने पुस्तिका उघडून पुढे केली.

"ही यादी कुणी केली?"

"मी."

"मग तुम्हालाच माहीत असायला हवं," हवालदार म्हणाला आणि पुस्तिका परत सरकवली.

मंगळवारी ताईचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

"भूक लागलीय रे," ती ओशाळून म्हणाली. "इथे सकाळचा नाश्ता तेवढा मिळतो. आणि सकाळ काही होईना."

"ताई, दुपार झालीय."

"छे. साडेसहाच वाजलेत. मनोरा समोर आहे माझ्या, मला बाकी सगळं पुसट दिसतं, पण ते काटे स्पष्ट दिसतात. मी आले तेव्हापासून साडेसहा. पिशवीत बिस्किटं होती, ती पुरवून खाल्ली. बाळ्या, काल मी तुला हात केला."

"कधी?"

"तू खाली उभा होतास ना, भिंतीकडे बघत, बॅग घेऊन. मी पडदा बाजूला करून किती हाका मारल्या. तू वर बघितलंसही. मग चष्मेवाल्याशी बोलायला लागलास."

तो म्हणाला, "जिना उतरून खाली ये. आत्ता. मी खालीच थांबतो."

"उतरले होते रे. काउंटरवरचा माणूस म्हणतो, सकाळ झाली की जा. फार गोड बोलतो, पण वाट देत नाही."

फोन ठेवून त्याने सतराव्या नोंदीचा नंबर फिरवला. लाइन तोडून वर्ष झालं होतं, यंत्र कपाटावर धूळ खात पडलेलं त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं. ते वाजलं नाही. पण पलीकडे घंटा गेली आणि कोणीतरी उचललं.

"क्षमा असावी," त्याचाच नाकातला आवाज म्हणाला. "सगळ्या खोल्या भरल्यात. पुढच्या महिन्यात बघा ना."

बुधवारी ताईचा ऑपरेशनचा दिवस आला आणि गेला. बॅगवाला दवाखान्याच्या दारात सकाळपासून उभा होता. नाव पुकारणाऱ्या परिचारिकेने तिचं नाव तीनदा पुकारलं आणि पुढचं घेतलं.

गुरुवारी मालक नाचतच ऑफिसात शिरले. हातात समोरच्यांची नवी पुस्तिका होती. "लागला! मासा लागला गळाला! हे बघा, सतरावं हॉटेल, जसंच्या तसं! आता पळू दे कुठे पळतोय ते." त्यांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना बिस्किटं वाटली. मग बाईंना म्हणाले, "आपल्या यादीतून ते काढून टाका. काम झालं. उद्या छपाई आहे, तिथे खरं काहीतरी घाला."

"काढू नका," बॅगवाला म्हणाला.

"का?"

त्याने सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, ताईचे फोन, भिंत, तो आवाज. सांगताना त्याला रडू आलं. नोंद निघाली तर ती खोली निघेल, आणि ताई त्या खोलीत आहे. निदान नोंदीत दुपारचं जेवण घाला, दार घाला, सकाळी सोडतात असं घाला. मी हात जोडतो.

मालक हसू दाबत म्हणाले, "दोन दिवस रजा घे तू." दुसऱ्याला फसवायला विणलेलं जाळं स्वतःच्या पायात अडकलं की लोक मदतीला धावतात, असं ज्याला वाटतं त्याने जाळी विणू नयेत. मालकांनी पेन्सिल घेतली आणि नोंदीवर उभी-आडवी फुली मारली.

बाईंनी मान वर केली नाही. "घरी का नाही नेलंत त्यांना?" एवढंच त्या म्हणाल्या.

मग एकदम त्याला सुचलं, आणि छातीवरचा दगड उतरला. आपल्या यादीतून गेली तरी समोरच्यांच्या यादीत नोंद आहेच की! चोर का असेना, खोली शाबूत राहील. त्याने टेबलावरची त्यांची पुस्तिका ओढली आणि बोट ठेवून वाचायला लागला. मनोऱ्यापासून चालत चार मिनिटं. बरोबर. लोखंडी पलंग, तीन गजांची खिडकी, हिरवा पडदा, टेलिफोन. सगळं होतं. सकाळचा नाश्ता होता. अदबशीर माणूस होता.

चोरी लपावी म्हणून समोरच्यांनी एवढाच एक बदल केला होता. खोल्यांचा आकडा एकाने कमी केला होता.

खोल्या दहा.

तो समोरच्यांच्या ऑफिसात धावत गेला. कुलूप होतं. पुस्तिका वाटायला माणसं स्टेशनावर गेली होती.

शुक्रवारी सकाळी तो छापखान्यात पोचला. यंत्र चालू होतं. सोळाव्यानंतर सतरावं, नवं, खरं हॉटेल, सात मिनिटांवरचं. त्याने स्वतःच चालून पाहिलेलं. छापखानावाल्याचा हात धरून तो थांबवा, थांबवा म्हणत राहिला. छापखानावाल्याने हात सोडवून घेतला.

तो ऑफिसात आला तेव्हा फोन वाजत होता.

"ठोकाठोकी चाललीय रे बाहेर," ताई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "विटा रचल्यासारखी. धूळ येतेय."

"ताई, दार उघड. दारातून बाहेर ये."

"तेच शोधतेय. हाताला भिंतच लागतेय सगळीकडे." ती भिंत चाचपत असल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. "माझ्याच डोळ्यांचं असेल. डाव्या हाताला होतं ना?"

त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बाळ्या, रागावू नकोस, एक विचारू?"

"विचार."

"रंगकाम झालं असेल तर येऊ का घरी?"

लाइन गेली. त्याने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला, दुपारपर्यंत. शेवटी बाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

त्या शनिवारी त्याने रंगाचे चार डबे आणि दोन ब्रश घरी आणले. नवा सोफा अंगणात काढला आणि भिंती रंगवायला लागला. "रंगकाम?" बायको म्हणाली. "सहा महिन्यांपूर्वीच तर दिलाय रंग!" त्याने ब्रश डब्यात बुडवला. हॉल झाला की स्वयंपाकघर, ते झालं की पुन्हा हॉल. कामावर जाई, बॅग घेऊन चाले, मिनिटं लिही, आणि घरी आला की ब्रश हातात घेई. बायको पंधरा दिवसांनी माहेरी निघून गेली.

गोदामाच्या भिंतीशीही तो रोज जायचा, दुपारी, चष्मेवाला जेवायला गेला की. कान लावायचा. दगडच तो, काय ऐकू येणार?

पुढच्या तिमाहीच्या तोंडावर वाचकांच्या पत्रांत एक आलं. टपोरं, सुशिक्षित अक्षर. मालकांनी ते मोठ्याने वाचलं, कारण त्यांना ते फार गमतीचं वाटलं.

'आपल्या यादीत एक चांगलं हॉटेल राहून गेलं आहे, म्हणून कळवतो. तुमच्या समोरच्या ऑफिसच्या पुस्तिकेवरून आम्ही गेलो. मनोऱ्यापासून चारच मिनिटं. खोली दहा, म्हणजे शेवटची. पलंग जरा कुरकुरतो, बाकी सोय उत्तम. सकाळ व्हायची वाट बघतो आहोत. तक्रार एकच. भिंतीपलीकडून सारखा एका बाईचा आवाज येतो. काउंटरवर विचारलं, तर दहाच्या पुढे खोलीच नाही, असं तो अदबीने सांगतो. बाई वयस्कर असाव्यात, बोलतात हळू. पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून झोप लागत नाही. हॉटेलवाल्यांना कळवून त्यांचं जे काही रंगकाम चाललं असेल ते लवकर संपवायला सांगावं. ते झालं का, एवढंच त्या विचारतात.'

प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, हा मालकांचा दुसरा नियम. "लिही," ते डोळे पुसत, हसत म्हणाले. "काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमा असावी."

बॅगवाल्याने कागद समोर ओढला. त्याच्या नखांत हिरवा रंग वाळला होता. तो ते लिहू लागला, आणि लिहिता लिहिता शब्द पुटपुटत गेला, नाकात, शब्दागणिक वाकल्यासारखा.